सैकलरावांचं तपेलं

आमच्या शेजारचे सैकलराव सायकलच्या कॅरिअरवर उघडं तपेलं बांधून फिरतात. तपेल्यात निळं पाणी असतं, तेही काठोकाठ. त्याला झाकण असतं तर माझी एक चांगली मोतिया रंगाची साडी वाचली असती. पण झाकण नाही, आणि झाकणाचा विषय काढलेला सैकलरावांना आवडतही नाही. शिवाय दर पन्नास-साठ पावलांवर ते मान वळवून कॅरिअरकडे बघतात आणि विचारतात, "आहेस की?"

तपेलं काही बोलत नाही. पन्नास-साठ पावलांनी सैकलराव पुन्हा विचारतात.

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही सांगलीहून म्हैसूरला आलो. विजयनगरात भाड्याने घर घेतलं आणि मला जवळच्याच एका शाळेत गणित शिकवायची नोकरी मिळाली. नोकरीच्या तिसऱ्या दिवशी मी स्कूटरवरून निघाले होते. पुढे एक उंच, काटकुळे गृहस्थ काळ्या सायकलवरून चाललेले. पँटच्या दोन्ही पायांना कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. त्यांच्या बाजूने पुढे जावं म्हणून मी वेग वाढवला आणि नेमकं तेवढ्यात त्यांचं मागचं चाक खड्ड्यात गेलं. ओंजळभर निळं पाणी उडालं ते थेट माझ्या पदरावर. गृहस्थांनी मान वळवून विचारलं, "आहेस की?"

"आहे!" मी ओरडले. "आणि चांगली भिजले आहे!"

त्यांनी सायकल थांबवली. चेहरा उजळलेला. "अय्यो, तुम्ही मराठी की!"

माझ्या भिजण्याचं राहिलं बाजूलाच. गाव कुठलं, इथं कोण कोण आहे, कॉफी आवडते की चहा, सगळी चौकशी रस्त्याच्या मधोमध झाली. मग साडीकडे बघून म्हणाले, "जातो हा रंग. दोन धुण्यात जातो. आमच्या आजोबांनी केलेला असता तर जन्मात गेला नसता." हे ते दिलगिरीने म्हणाले की अभिमानाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. रंग दोन धुण्यात गेला नाही. तिसऱ्यातही नाही.

त्यांचं खरं नाव व्यंकोबराव. पण कन्नडमध्ये सायकलला सैकल म्हणतात, आणि सगळा वॉर्ड त्यांना सैकलराव म्हणतो. घराणं रंगाऱ्यांचं. किती पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आलं ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. आजोबा कापड रंगवायचे, लाकडी ठशांनी त्यावर कोयऱ्या उठवायचे. वडिलांच्या वेळी धंदा बसला. हे स्वतः एका छापखान्यात खिळे जुळवायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण रंगाऱ्याचं शिक्षण लहानपणी झालेलं. वडील मुलांना डोळे मिटायला लावून एकेक तपेलं उचलायला सांगायचे. किती बोटं कमी भरलंय ते हातानेच ओळखायचं. पाण्याचा अंदाज चुकला की रंग फिका पडतो आणि चुकणाऱ्याच्या पाठीवर तांबडा उठतो, असं ते सांगतात.

त्यांच्या मराठीत कन्नड एवढं मिसळलंय की सुरुवातीला मला बसमधून भलत्याच स्टॉपवर उतरवल्यासारखं व्हायचं. आता सवय झालीय. परवा मी नवऱ्याला "सुम्ने बस" म्हणाले, म्हणजे उगाच बडबड करू नकोस, गप्प बस. तो गप्प बसला. कन्नड फार उपयोगी भाषा आहे.

तपेल्याचं कारण विचारलं की सैकलराव सर्वांना एकच सांगतात. "रस्ता बघायचा. इंजिनिअर लोक जीपमधून बघतात. जीपला काय कळतं? डांबर खोटं बोलेल, तपेलं नाही बोलणार." जिथं पाणी सांडलं तिथं रस्ता वाईट. साधं पाणी वाळून जातं, म्हणून त्यात रंग. सकाळी विजयनगर ते जुन्या वस्तीतलं अग्रहार अशी एक फेरी मारायची आणि परतताना थेंब मोजत यायचं.

रंग पहिल्यापासून निळा नव्हता. आधी तांबडा होता. एका सकाळी कोणीतरी रस्त्यावरचे ते डाग पाहिले आणि पोलिसांना फोन केला. एक कॉन्स्टेबल डागांचा माग काढत काढत थेट यांच्या पायरीपर्यंत आला आणि घाम पुसत म्हणाला, "बॉडी एल्ली?" बॉडी कुठे आहे? सैकलरावांच्या बायकोने, म्हणजे इंदूकाकूंनी, त्याला आधी खुर्ची दिली, मग कॉफी दिली, आणि मग अंघोळ करून आलेली बॉडी दाखवली. दुसऱ्या दिवसापासून रंग पिवळा झाला. पण सकाळच्या प्रहरी रस्त्यावर पिवळे थेंब दिसायला लागल्यावर लोक करणीबिरणी समजून चार हात लांबून जायला लागले. रस्त्याची डावी बाजू ओस पडली. सायकलला जागा छान मिळायची, हे सैकलराव कबूल करतात, पण तसली जागा त्यांना नको होती. निळ्याला मात्र कोणी घाबरत नाही. फक्त मीच भिजले.

त्यांच्या मागण्या फार नाहीत. हंप, म्हणजे स्पीडब्रेकर, घालायचा तर घाला, पण डाव्या कडेला सायकल जाईल एवढी फट ठेवा. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या बसवा, उभ्या बसवल्या की चाक फटीत जातं. डावी कड सपाट ठेवा आणि तिथं एक रेघ मारा. बस्स. एवढ्यासाठी ते वर्षानुवर्षं वॉर्ड ऑफिसात जात होते. अर्जांनी काही होत नाही म्हटल्यावर त्यांनी नकाशा करायचा ठरवला आणि प्रमाण बरोबर यावं म्हणून गणिताच्या बाईंना, म्हणजे मला, धरलं.

नकाशा कागदावर काढतील तर ते सैकलराव कसले. पांढरं सुती कापड आणलं, आजोबांचे ठसे काढले. मी पेन्सिलीने रस्ता आखला आणि त्यांनी जिथं जिथं पाणी सांडायचं तिथं तिथं कोयरी उठवली. थेंबाला लहान कोयरी, ओंजळभर सांडलं तर मोठी. विजयनगरच्या पाण्याच्या टाकीजवळ एक राक्षसी हंप होता, तिथं सर्वांत मोठी. चार दिवस खपून आम्ही ते कापड वॉर्ड ऑफिसात नेलं आणि इंजिनिअर मॅडमच्या टेबलावर पसरलं. मॅडमनी मान वर न करता दोन्ही हात हलवले. "बेडा, बेडा, नमगे बेडा!" नको, आम्हाला नको. त्यांना वाटलं आम्ही टेबलक्लॉथ विकायला आलोय.

मी काही समजावणार होते, पण सैकलरावांचं तोंड एवढंसं झालं होतं. ते म्हणाले, "विकायला नाही, मॅडम. ठेवून घ्या." आणि सरळ बाहेर पडले.  परतीच्या वाटेवर फक्त मान वळवून "आहेस की?" तेवढं मात्र विचारत होते.

रस्ता सुधारेपर्यंत थांबायचं नाही, माणसं आधी सायकलवर आणायची, हा त्यांचा दुसरा उद्योग. त्यांच्या आवारात पाच जुन्या सायकली आहेत. कोणाकोणाच्या गच्चीवर गंजत पडलेल्या आणून त्यांनी त्या जिवंत केल्यात आणि त्यांना नातेवाइकांची नावं दिलीत. कोणीही मागावी, घेऊन जावी. "मावशी न्या, शांत आहे. आत्या नको, तिचा ब्रेक ओरडतो. मोठी वहिनी चढावर रुसते." एकदा त्यांची खरीखुरी मावशी पाहुणी आलेली असताना समोरचे एक गृहस्थ दारातूनच म्हणाले, "राव, मावशी हल्ली फार कुरकुरतात, जरा तेल घाला." मावशी त्याच संध्याकाळी गाडीत बसून परत गेल्या.

उपदेश ते करत नाहीत, आणि हीच त्यांची खरी खोड. ते काळजी करतात. भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत कोणी कार काढली की काचेपाशी वाकून हळू आवाजात विचारतात, "पायाला काय झालं?" आमच्या मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना हा प्रश्न त्यांनी आठवडाभर विचारला. ते इतके धास्तावले की डॉक्टरांकडे जाऊन पाय तपासून आले. डॉक्टर म्हणाले, पाय उत्तम आहेत, जरा सायकल चालवत जा. आता आत्या त्यांच्याकडे असते. तिचा ब्रेक ओरडला की आम्हाला कळतं, पावणेसात वाजले. अर्धा लिटर दुधासाठी गाडी बाहेर काढणाऱ्या एका जोडप्याला तर हे म्हणाले, "दूध काय नवरी आहे, मिरवत आणायला?" ते जोडपं दोन महिने यांच्याशी बोलत नव्हतं. पण दूध चालत आणायला लागलं.

मला सकाळी कोणी काळजीने विचारलेलं खपत नाही. तरी स्कूटरला किल्ली लावताना कुंपणापलीकडून रोज "पायाला काय झालं, टीचर?" ऐकू आलं की किती दिवस तग धरणार? वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी मावशीवर बसले. मावशीने मला पहिल्या आठवड्यात दोनदा गटारात नेलं. शांत स्वभावाच्या माणसांबद्दलचं माझं मत तेव्हापासून बदललेलं आहे. पण तिसऱ्या आठवड्यात मी शाळेपर्यंत पाय न टेकता गेले आणि वर्गात शिरताना कारण नसताना हसत होते, असं मुली सांगतात.

मोजायला बसलं तर आज आमच्या भागातली पंचवीस-तीस माणसं सैकलरावांमुळे सायकलवर आहेत. एक माणूस मात्र नव्हतं. ते म्हणजे त्यांची बायको.

इंदूकाकू ठेंगण्या, अंगाने बारीक, बोलायला कमी. जे बोलतात ते मिरचीची फोडणी दिल्यासारखं. त्यांची थोरली बहीण, अक्का, अग्रहारात देवळाच्या मागच्या गल्लीत राहते. दर शुक्रवारी काकू देवळात आणि अक्काकडे जायच्या, त्या रिक्षाने. सैकलराव रिक्षात बसत नाहीत. ते रिक्षामागून सायकलवर निघायचे. नवराबायको एकाच घरातून एकाच वेळी एकाच ठिकाणी निघायचे आणि दहा मिनिटांच्या अंतराने पोचायचे. अक्का दोनदा कॉफी करायची.

एका शुक्रवारी मी त्यांच्या मागेच होते. त्या दिवशी कॅरिअरवर तपेलंही नव्हतं. काकूंची रिक्षा केव्हाच पुढे निघून गेलेली. टाकीजवळचा तो हंप आला, सैकलराव उतरून सायकल हातात धरून तो ओलांडून गेले, पुन्हा बसले आणि रिकाम्या कॅरिअरकडे वळून म्हणाले, "आहेस की?"

मला चमकल्यासारखं झालं. म्हणजे हे तपेल्याशी बोलत नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कढीपत्ता मागायचं निमित्त करून मी काकूंच्या स्वयंपाकघरात गेले. सैकलराव बाहेर सायकलला हवा भरत होते. ओट्यावर ते तपेलं होतं आणि काकू त्यात पाणी भरत होत्या. आधी तांब्याने, मग वाटीने, आणि शेवटी पळीने. थेंब थेंब. पाणी काठाच्या वर फुगून उभं राहीपर्यंत त्या ओतत होत्या.

"काकू, एवढं भरलं तर ते दारातच सांडेल की."

"सांडायलाच भरते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पळी खाली ठेवली आणि मला बसायला सांगितलं. पूर्वी त्या दर शुक्रवारी सैकलरावांच्या मागे कॅरिअरवर बसूनच अग्रहारात जायच्या. लग्न झाल्यापासून. एका शुक्रवारी सैकलराव छापखान्यातल्या कोणाच्या तरी निरोपसमारंभाची गोष्ट सांगत चालले होते. "हे बोलायला लागले की बोलतात नोड, बघ तू. टाकीपाशी हंप आला. मी पडले. यांची गोष्ट चालूच. अग्रहारापर्यंत गोष्ट सांगत गेले, अक्काच्या दारात सायकल थांबवली, म्हणाले, उतर. मग मागं बघितलं."

मला हसू आवरेना. काकूपण हसल्या. मग त्यांनी उजवं मनगट पुढे केलं. ते अजून थोडं वाकडं आहे.

"दवाखान्यात मी नाही रडले. हे रडले. लहान पोरासारखे. मला राग आलता, म्हणून बोलले मी. भरलं तपेलं आपल्या दारातून अक्काच्या दारापर्यंत एक थेंब न सांडता नेऊन दाखवा, मग बसते तुमच्या मागं. रागातलं बोलणं ते. दुसऱ्या दिवशी बघते तर माळ्यावरून आजेसासऱ्यांचं तपेलं काढून घासत बसलेत."

म्हणजे वॉर्डभर गाजलेली रस्त्याची ती पाहणी, ते अर्ज, त्या कोयऱ्या, सगळं एका प्रवाशासाठी होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी कढीपत्त्यावर ढकललं. कढीपत्त्याने पाणी येत नाही, हे काकूंना ठाऊक असणार.

"मग काठोकाठ का भरता? थोडं कमी भरलं तर..."

"भीती वाटते मा," काकू पटकन म्हणाल्या. "तो हंप मला झोपेतपण दिसतो. तपेलं सांडतंय तोवर मला नाही म्हणावं लागत नाही. मी नाही म्हणलं तर यांचं तोंड कसं होईल? बघवेल का मला?" मग पळी पुन्हा उचलली. "यांना सांगू नको हं."

मी सांगितलं नाही. पण माझी पंचाईत झाली. मुलांना मी सुटणारी उदाहरणं घालते. इथं एक माणूस वर्षानुवर्षं न सुटणारं उदाहरण सोडवत बसलेला, आणि ते सुटणार नाही हे मला माहीत असून मी कुंपणाशी उभी राहून त्याला "आज किती थेंब?" विचारत होते.

इकडे वॉर्ड ऑफिसात एक गंमत चालू होती. मॅडमनी ते कापड फेकलं नव्हतं. सुरेख होतं, म्हणून टेबलावर अंथरलं होतं. महिनोन्महिने त्या कोयऱ्यांवर फायली ठेवून सह्या करत होत्या. एक दिवस चहाचा कप उचलताना त्यांना कोयऱ्यांच्या खालून गेलेली पेन्सिलीची रेघ दिसली. तिचं वळण त्यांच्या रोजच्या रस्त्याचं होतं. कप ठेवायची जागा नेमकी टाकीजवळच्या हंपाची होती. मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः स्कूटरवरून सैकलरावांच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, रस्ता दाखवा.

"स्कूटरवरून दिसत नाही, मॅडम. मावशी घ्या."

मॅडम कॉलेजनंतर पहिल्यांदाच सायकलवर बसत होत्या. पहिल्या खड्ड्याला त्यांच्या पर्समधला फोन उडाला, दुसऱ्याला चष्मा. गटाराच्या उभ्या जाळीत पुढचं चाक अडकलं तेव्हा त्या कन्नडमध्ये जे बोलल्या ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. टाकीपाशी पोचल्यावर त्या उतरल्या, हंपाकडे बघत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इदु हंप अल्ल, बेट्टा." हा हंप नव्हे, डोंगर आहे. सैकलरावांना एवढी मान्यता आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

मग वर्षभर लागलं, पण झालं. हंपांच्या डाव्या कडेला फटी आल्या, जाळ्या आडव्या बसल्या, कड सपाट झाली, पांढरी रेघ आली. लोक त्या रेघेच्या आत गाड्या लावतात, हे खरं आहे. सैकलराव अशा गाडीच्या काचेवर कोयरीचा ठसा मारलेला कागद अडकवून येतात. त्यावर लिहिलेलं असतं, 'पायाला काय झालं?'

रस्ता बरा झाला आणि सैकलराव उदास झाले. आम्हाला कळेना. परतताना थेंब मोजायला ते आता थांबत नव्हते. एका सकाळी मी कुंपणाशी गाठलं तर म्हणाले, "रस्ता चांगला आहे, टीचर. रस्त्याचं काही चुकत नाही आता. तरी सांडतंय. म्हणजे माझाच हात कापतोय. वय झालं, अल्लवा, नाही का? उद्या रस्ता लोण्यासारखा केला तरी काय उपयोग, चालवणाराच असा." आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. ते हात कापत नव्हते. मी नीट बघितलं.

त्या दिवशी मला राहवलं नाही. काकूंनी मला गुपित दिलं होतं, पण यांचं दुःख त्यांच्यापर्यंत पोचवू नको असं कोणी सांगितलं नव्हतं. मी शाळेतून आल्यावर सरळ स्वयंपाकघरात गेले आणि शब्द न् शब्द सांगितला. काकू चिंच कोळत होत्या. सगळं ऐकून घेतलं. "हात कापतो म्हणाले?" एवढंच विचारलं आणि कोळलेली चिंच पुन्हा कोळायला लागल्या.

पुढचा दिवस शुक्रवार. शुक्रवारी तपेल्याची सुट्टी असते. पण सकाळी कुंपणापलीकडून काकूंची हाक आली, "टीचर, ये की जरा." गेले तर ओट्यावर तपेलं. काकूंनी तांब्याने पाणी ओतलं, वाटीने ओतलं, निळा रंग ढवळला आणि थांबल्या. पळी खुंटीवरच होती. पाणी काठापासून चांगलं चार बोटं खाली होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं.

"अहो, घेऊन जा," त्यांनी आवाज दिला. "आज तपेलं न्या. मी मागून येते."

सैकलराव आत आले. दोन्ही हातांनी तपेलं उचललं, आणि उचलता उचलता क्षणभर थांबले. आत वाकून पाहिलं नाही. डोळे मिटले आणि उघडले. मग बाहेर नेऊन कॅरिअरवरच्या चुंबळीत ठेवलं आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलं.

मी मावशी घेऊन त्यांच्याबरोबर गेले. साक्षीदार म्हणून. इतकी हळू सायकल मी कधी चालवलेली नाही. टाकीपाशी फटीतून जाताना पाणी एका बाजूने वर आलं आणि परत खाली बसलं. "आहेस की?" सैकलरावांनी विचारलं. देऊळ मागे गेलं. अक्काचं दार आलं. रस्त्यावर, कॅरिअरवर, मडगार्डवर, कुठेही एक थेंब नव्हता.

"काका, झालं!" मी जवळजवळ ओरडलेच. "जमलं तुम्हाला!"

सैकलरावांनी तपेलं सोडलं आणि ते निळं पाणी अक्काच्या दारातल्या जास्वंदीच्या बुडाशी सावकाश ओतलं. अक्का बघतच राहिली.

"चार बोटं कमी होतं, टीचर," ते म्हणाले.

मी मावशी स्टँडला लावली. 

"इतकी वर्षं काठोकाठ भरायची. मला कळत नव्हतं होय? रंगाऱ्याचा पोर मी. भीती होती तिला. म्हणलं, भरू दे. तिला पाहिजे तेवढं भरू दे." त्यांनी रिकामं तपेलं पालथं करून झटकलं. "काल तुम्हाला हात कापतो म्हणलो ते खोटं नव्हतं हं. मला खरंच वाटायला लागलं होतं. पण आज तिनं कमी भरलं. म्हणजे, येते म्हणाली."

तपेलं त्यांनी अक्काकडेच ठेवलं. कॅरिअर रिकामं करून आम्ही विजयनगरला परत आलो तर काकू पायरीवर उभ्या होत्या. हिरवी इरकली नेसलेल्या, पायांत चपला, हातात देवळाची पिशवी. रिक्षा बोलावलेली नव्हती.

सैकलरावांनी चुंबळीवर घडी केलेलं जुनं धोतर घातलं. काकू बसल्या. एका हाताने सीटच्या मागची स्प्रिंग धरली आणि ते वाकडं मनगट नवऱ्याच्या कमरेपाशी ठेवलं. सायकल हलली. दहा पावलंसुद्धा झाली नसतील, सैकलरावांची मान मागे वळली.

"आहेस की?"

"आहे," काकू म्हणाल्या. "पुढं बघा."

ते पुढं बघायला लागले. कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्यांनी आणखी तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा उत्तर आलं.